आंतरराष्ट्रीय शाळेची पाटी आणि आपल्या शाळेचा बाक

नाताळचे गोठे उतरविले जातात न जातात, तोच आपल्या धर्मग्रामांतून एका निराळ्या चिंतेचा हंगाम सुरू होतो. तीन-साडेतीन वर्षांच्या लेकराला कोणत्या शाळेत घालावे, ही ती चिंता. एका पिढीपूर्वी हा प्रश्न बहुधा चर्चच्या आवारातच सुटत असे. चर्चशेजारी शाळा, शाळेशेजारी धर्मभगिनींचे निवासस्थान, आणि मूल पायी जाऊन पायी परत येई. आज वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या आपल्या कुटुंबांपुढे राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, आयजीसीएसई आणि आयबी अशी पाच दारे आहेत. त्यांतील शेवटच्या दोन दारांवर 'आंतरराष्ट्रीय' अशी पाटी झळकते. मुंबईच्या शिक्षणक्षेत्रातील सर्वाधिक चर्चा आणि सर्वाधिक पैसा सध्या याच दोन दारांभोवती फिरत आहे.

गेल्या नोव्हेंबर महिन्यात एक तरुण दांपत्य आमच्या कार्यालयात आले होते. दोघेही नोकरदार, मिळून महिन्याचे उत्पन्न सव्वा लाख रुपये. मुलीला पश्चिम उपनगरातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत छोट्या शिशुवर्गात जागा मिळत होती. वर्षाचे शुल्क साडेचार लाख रुपये, बसचे भाडे निराळे. पगारातून हे भागणार नव्हते, म्हणून वडिलोपार्जित वाडीचा एक तुकडा विकावा असा विचार घरात चालला होता. "फादर, बाबा सही करायला तयार आहेत," तो तरुण म्हणाला, "पण तो विषय निघाल्यापासून ते वाडीत जात नाहीत." त्यांना आमच्याकडून होय किंवा नाही असे उत्तर हवे होते. ते आम्ही दिले नाही. परंतु त्या निमित्ताने या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आम्हांस भाग पडले, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

प्रथम त्या पाटीविषयी. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द शाळेच्या नावात आला म्हणजे तेथे परदेशी अभ्यासक्रम शिकवला जातो असे मुळीच नाही. आपल्या परिसरात नावात 'इंटरनॅशनल' किंवा 'ग्लोबल' मिरविणाऱ्या कितीतरी शाळा प्रत्यक्षात सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्याच आहेत. त्यांत गैर काही नाही, पण पालकाने पैसे कशाचे मोजले हे त्याला ठाऊक असावे. खऱ्या अर्थाने परदेशी मंडळे मुख्यत्वे दोन आहेत. आयबी या संस्थेची स्थापना १९६८ साली जिनिव्हा येथे झाली. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीची परीक्षा १९८८ पासून घेतली जाते. शाळेला या मंडळांची मान्यता आहे की केवळ 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे', हा प्रश्न प्रवेशापूर्वी लेखी विचारावा. या दोन वाक्यांतील अंतर काही वर्षांचे असू शकते.

आयबीचा जन्म कशातून झाला हे पाहण्यासारखे आहे. राजदूतांची आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये काम करणाऱ्यांची मुले दर तीन-चार वर्षांनी देश बदलत. त्यांना कोणत्याही देशाच्या विद्यापीठात प्रवेश घेता यावा, म्हणून एक समान पदविका तयार करण्यात आली. भारतात हा अभ्यासक्रम प्रथम आला तो १९७६ साली, कोडाईकॅनॉल येथे, मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये आपल्या मुलांसाठी सुरू केलेल्या शाळेत. म्हणजे तेथेही गरज तीच होती. मुंबईत १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन बॉम्बे इंटरनॅशनल स्कूल काढले. १९८१ मध्ये अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे निघाले, ते प्रामुख्याने परदेशी कुटुंबांच्या सोयीसाठी. पण चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते या शतकाच्या आरंभी. २००३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल स्कूल, २००४ मध्ये जुहूला एकोल माँदियाल, २००८ मध्ये गोरेगावला ओबेरॉय इंटरनॅशनल स्कूल सुरू झाले. १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेत जो नवा श्रीमंत वर्ग उदयास आला, त्याला कॉन्व्हेंटची पाटी अपुरी वाटू लागली होती. देश बदलणाऱ्या मुलांसाठी निर्माण झालेली व्यवस्था आता याच शहरात राहणाऱ्या, पण पुढे देश सोडू इच्छिणाऱ्या मुलांची झाली.

या शाळांत काहीच चांगले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला सहा विषय, ज्ञान म्हणजे काय याची चर्चा करणारा एक विषय, स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध आणि समाजसेवेचा अनुभव एवढे सारे पूर्ण करावे लागते. आपल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करण्यावाचून दुसरे काय करावे लागते? मूल प्रश्न विचारते, ग्रंथालयात बसते, चुकण्यास भीत नाही, हे आम्ही अशा शाळांतील काही मुलांमध्ये पाहिले आहे आणि ते पाहून आनंद झाला आहे. वर्गात पंचवीस मुले असली की शिक्षकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते. आपल्या वर्गांत साठ असतात.

आता हिशेबाकडे वळू. त्या दांपत्यासमोर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. महाराष्ट्रातील शाळांच्या शुल्काचे नियमन करणारा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार ठरलेले शुल्क दोन वर्षे कायम राहते आणि त्यानंतर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे नवा प्रस्ताव येतो. व्यवहारात दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ हा आकडा पालकांच्या ओळखीचा झाला आहे. तेवढीच वाढ धरली, तर आजचे साडेचार लाख बारावीपर्यंत वर्षाला सुमारे १० लाख ४० हजार होतात, आणि शिशुवर्गापासूनच्या चौदा वर्षांची बेरीज ९९ लाखांच्या पुढे जाते. एका मुलीसाठी एक कोटी रुपये. बसभाडे, परीक्षा-शुल्क, सहली, टॅबलेट आणि वाढदिवसांच्या भेटवस्तू यांची गणना यात नाही. (या भेटवस्तूंचे ओझे हसण्यावारी नेऊ नये. वर्गमित्राच्या वाढदिवसाला काय न्यायचे यावरून एका घरात झालेले भांडण आम्हांस मिटवावे लागले आहे.) शुल्कवाढ अन्यायाची वाटली तर विभागीय समितीकडे दाद मागता येते, परंतु २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. ज्या शाळेत आपले कुटुंबच सर्वांत कमी उत्पन्नाचे असेल, तेथे हे २५ टक्के जमविणार कोण?

पैशांहून अवघड प्रश्न दहावीनंतरचा आहे. आयजीसीएसई उत्तीर्ण झालेला विद्यार्थी राज्य मंडळाच्या अकरावीत येऊ शकतो. बारावी आयबीने केलेल्या विद्यार्थ्याला भारतीय विद्यापीठेही प्रवेश देतात. तरीही वाट सरळ नाही. आयबीच्या मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर मुंबईतील महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. वैद्यकीय शाखेची नीट, अभियांत्रिकीची जेईई, राज्याची सीईटी या परीक्षा आपल्याकडील अकरावी-बारावीच्या पाठ्यक्रमावर बेतलेल्या असतात. म्हणून डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या आयबीच्या मुलाला शाळा एक आणि क्लास दुसरा अशी दुहेरी कसरत करावी लागते. मूल परदेशी शिकणार हे निश्चित असेल, आणि त्या शिक्षणाचाही खर्च हाताशी असेल, तर गोष्ट वेगळी. परंतु शाळेवर कोटभर रुपये खर्च करून पदवीच्या वेळी हात रिकामे झालेले पालक आम्ही पाहिले आहेत. दुसरी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात क्वचितच असते. अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत ५० टक्के जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात. आपल्या साध्या शाळेतून बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या कॅथलिक मुलामुलींना मुंबईतील नामांकित कॅथलिक महाविद्यालयांचे दार त्यामुळे पुष्कळ सुलभ होते.

महानगरात आज आणखी एक पर्याय आहे, आणि आपले सुशिक्षित पालक त्याकडे नाक मुरडून पाहतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने अन्य मंडळांच्या शाळा सुरू केल्या. त्यांत सीबीएसईच्या शाळा आहेतच, शिवाय माटुंग्याला केंब्रिजचा आणि विलेपार्ल्याला आयबीचा अभ्यासक्रम शिकविणारी शाळाही आहे. तेथे शुल्क नाही आणि मागणी जागांहून अधिक असल्याने प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. या प्रयोगाचे अंतिम फलित काय हे ठरण्यास अजून अवकाश आहे. तरीपण ज्या अभ्यासक्रमासाठी एकाने वाडी विकायची, तोच रिक्षाचालकाच्या मुलाला पालिका विनामूल्य देऊ पाहते, ही घटना लहान नाही. ते करण्याची कल्पना पालिकेला सुचली, आपल्याला सुचली नाही, याची थोडी खंत वाटते.

खंत वाटते, कारण एके काळी या शहरात हे काम ख्रिस्तसभेचे होते. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, धोबीतलावचे सेंट झेवियर्स १८६९ चे. या शाळांनी पुढे नाव मिळविले आणि नाव झाल्यावर श्रीमंतही आले. तथापि गोदी कामगाराचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा एका बाकावर बसतील ही शक्यता त्यांनी दीर्घकाळ जिवंत ठेवली. आज आपल्याही काही संस्थांना आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा मोह पडला आहे. माटुंग्याच्या डॉन बॉस्को संकुलात राज्य मंडळाच्या शाळेजवळच आंतरराष्ट्रीय शाळाही उभी आहे. अशा निर्णयामागे कारणे असतात. अनुदानाविना शाळा चालवायची तर पैसा लागतो, आणि एका शाळेच्या उत्पन्नातून दुसरीला हातभार लावता येतो. तो हातभार प्रत्यक्षात किती लागतो, हे मात्र प्रत्येक संस्थेने आपल्या धर्मग्रामवासीयांना सांगावे अशी आमची विनंती आहे.

या ठिकाणी एका नाजूक विषयाला स्पर्श करणे आवश्यक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या वा प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवणे बंधनकारक केले. महाराष्ट्रात दरवर्षी अशा सुमारे एक लाख जागा उपलब्ध असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून मोकळीक दिली, तेव्हा पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मोकळीक रद्द केली. परंतु अल्पसंख्याक संस्था या बंधनाच्या पूर्णतः बाहेर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित आणि ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना घटनेच्या ३० व्या कलमाच्या आधारे ही सूट दिली. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि तो मोठ्या पीठाने पुन्हा तपासावा असे म्हटले.

आपल्या संस्थांना या घडामोडीने चिंता वाटणे स्वाभाविक आहे. कलम ३० हे आपल्या शाळांचे कवच आहे आणि त्याचे रक्षण झालेच पाहिजे. आम्ही त्या बाजूने यापूर्वीही लिहिले आहे व पुढेही लिहू. पण कवचाच्या आत काय चालले आहे? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे आहेत, आणि सर्व अल्पसंख्याक शाळांत मिळून सामाजिक-आर्थिक दृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांचे प्रमाण अवघे ८.७६ टक्के आहे. आयोगाच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा असेल, परंतु आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. बाहेरच्या समाजातील मुलांना शिकविणे हा आपला अभिमान आहे, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न दुसऱ्या आकड्याचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात कॅथलिक शाळांनी निर्धनांची, कुटुंबाच्या मायेला पारखे झालेल्यांची आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांची विशेष काळजी घ्यावी असे स्पष्ट नमूद आहे. या जाहीरनाम्याच्या साठाव्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणावर स्वतंत्र प्रेषितीय पत्र लिहिले. कायद्याची सक्ती आपल्याला नाही, म्हणून कर्तव्यही नाही असा अर्थ त्या जाहीरनाम्यातून निघत नाही. आपल्या प्रत्येक शाळेने शुल्कमाफीवर शिकणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी चर्चच्या सूचनाफलकावर लावली, तर न्यायालयात आपले वकील जे बोलतील त्याला वजन येईल.

त्याच जाहीरनाम्यात पालकांविषयीही लिहिले आहे. मुलांचे पहिले शिक्षक आईवडीलच आहेत आणि शाळा निवडण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य त्यांना असले पाहिजे, असे विश्वपरिषद म्हणते. म्हणून जे पालक आंतरराष्ट्रीय शाळा निवडतात त्यांना व्यासपीठावरून टोमणे मारण्याचा अधिकार आम्हां धर्मगुरूंना नाही. आमच्यातील काहीजण तसे करतात, ते योग्य नव्हे.

तथापि या निवडीचा एक परिणाम असा आहे, जो निवड करणाऱ्याला दिसत नाही. आपल्या धर्मप्रांतातील मराठी माध्यमाच्या कित्येक शाळा अनुदानित आहेत. तेथील शिक्षकांची पदे दरवर्षीच्या संचमान्यतेत पटावरून ठरतात. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडे पाठवले जाते. मग विज्ञानाला शिक्षक नाही म्हणून आणखी चार पालक मुले काढतात. आपल्या समाजाचे पहिले स्थलांतर मराठीकडून इंग्रजी माध्यमाकडे झाले तेव्हा हे चक्र फिरू लागले. आता इंग्रजी माध्यमाच्या आपल्या शाळांतून दुसरे स्थलांतर सुरू आहे. प्रथम जातात ती शिकलेल्या पालकांची मुले, म्हणजे जे पालक सभेला येत, प्रश्न विचारीत, मुख्याध्यापकांना जाब विचारू शकत त्यांची. मागे उरतात ते कामावर खाडा पडेल म्हणून सभेला येऊ न शकणारे. शाळेची इमारत तीच असते, परंतु तिच्याकडे लक्ष ठेवणारे डोळे कमी होतात.

भाषेविषयी थोडक्यात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. आंतरराष्ट्रीय शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. पण आठवड्याच्या दोन-तीन तासिकांत शिकलेल्या मराठीवर आजीशी बोलता येईल, मराठी मिस्सातील वाचन करता येईलच असे नाही. रविवारच्या ख्रिस्तशिक्षणाच्या वर्गात हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो. दूरच्या शाळेतील मुले आठवडाभर पहाटे साडेपाचला उठलेली असतात. रविवारी त्यांना झोप हवी असते किंवा प्रकल्प पुरा करायचा असतो. कॅटेकिस्ट बाई तरी त्यांना किती बोलावणार?

त्या दांपत्याला आम्ही एवढेच सांगितले की वाडी विकण्यापूर्वी दहावीनंतरची दोन वर्षे आणि पदवीची तीन वर्षे कागदावर मांडा, त्या शाळेत मुले घातलेल्या दोन कुटुंबांना घरी जाऊन भेटा, आणि एक दिवस सुट्टी काढून आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत सकाळपासून दुपारपर्यंत बसून या. शेवटची गोष्ट ते करतील असे वाटले नव्हते. जानेवारीत ते पुन्हा आले. वाडी विकायची नाही असे ठरले होते. मुलीचे नाव आपल्याच शाळेत घातले होते, मात्र समाधानाने नव्हे. पत्नीने वहीत काही टिपून आणले होते. पहिलीच्या वर्गात ६२ मुले. इंग्रजी शिकविणाऱ्या बाई वर्षभरात तिसऱ्या. ग्रंथालयाला कुलूप, आणि किल्ली लिपिकाकडे. "फादर, ते कुलूप दिवसातून एक तास उघडायला किती पैसे लागतील?" तिने विचारले. "मी शनिवारी येऊन बसायला तयार आहे."

शाळेच्या व्यवस्थापक मंडळाकडे आम्ही तिचे पत्र दिले आहे. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.